चांदणीचा खुराक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. आता सत्तरी ओलांडल्यावर तुम्हाला सांगतेय — का, ते मलाही नीट कळत नाही.

मी तेव्हा तेवीस वर्षांची. उस्मानपुऱ्यातून रोज एसटीनं चितेगावला जायची. तिथल्या एका मोठ्या गोठ्यात संकरित गाई आणल्या होत्या, आणि कोणती गाय कमी खाऊन जास्त दूध देते हे मालकांना शोधायचं होतं. त्यासाठी मला ठेवलेलं. सकाळी प्रत्येकीचा खुराक तोलायचा, संध्याकाळी गव्हाणीत उरलेला तोलायचा, दूध मोजायचं. हे मी चोख केलं. पण दुपारी गोठ्यात बसून गाई कशा वागतात — कोण खाते, कोण रवंथ करते, कोण कुणाला ढकलते — तेही दर दहा मिनिटांनी लिहायचं होतं.

ते मी केलं नाही.

वर पत्रे, एप्रिलचं ऊन, माश्या... पण माझ्याआधी तिथं नूरबी सकाळपासून उभी असायचीच ना? गाईंना चारा-खुराक घालणारी, चितेगावचीच, चाळिशीची बाई. मी मात्र ऑफिसात पंख्याखाली कादंबरी वाचायची आणि संध्याकाळी एका बैठकीत सगळी पानं भरायची. खरं वाटावं म्हणून मधेच पेन बदलायची — इतकं डोकं त्यात चालायचं!

चांदणी नावाची एक गाय होती. कपाळावर पांढरा ठिपका, स्वभावानं भित्री. तिची गव्हाण रोज चाटूनपुसून रिकामी, दूध मात्र घटत चाललेलं. माझ्या वहीत ती सगळ्यात जास्त खुराक वाया घालवणारी गाय ठरत होती. आणि शेजारची पुतळी — तेवढ्याच खुराकात दीडपट दूध! पुतळीचं मला केवढं कौतुक.

एक दिवस नूरबी मला म्हणाली, "बाई, चांदणी खात नाय. पुतळी ढुसणी मारती, ही गप मागं सरती. तिचं समदं पुतळीच खाती. दुपारी येऊन बघा तर जरा."

मी हो म्हटलं. गेले नाही. गेले असते आणि ते खरं निघालं असतं, तर आधीच्या पानांचं काय करणार होते मी?

चांदणीच्या बरगड्या दिसायला लागल्या. डॉक्टरांना आजार सापडेना. मग मालकांना वेगळाच संशय आला — नूरबीच्या घरी चार शेळ्या होत्या, चांदणीचा खुराक तिकडंच जात असेल. त्यांनी मला एकटीला ऑफिसात बोलावलं. "नूरबी म्हणते पुतळी खाते. तुम्ही तर रोज दुपारी तिथं असता. पाहिलंत कधी?"

"नाही," मी म्हणाले. "मी कधी पाहिलं नाही."

शब्दशः खरं होतं ते. पाहिलं नव्हतंच मी. बोलताना हे मला कळत होतं — मालक काय समजणार, तेही कळत होतं.

त्याच दिवशी नूरबीला काढलं. ती निघाली तेव्हा मी गोठ्याकडं पाठ करून दूध मोजत होते. आठवड्यानं चांदणीला विकलं. पुतळीच्या कालवडी ठेवून घेतल्या. माझा अहवाल सगळ्यांना आवडला, आणि त्या जोरावर मला पुढं चांगली नोकरी लागली.

सात-आठ वर्षांनी उस्मानपुऱ्यात भाजी घेताना कुणीतरी "बाई!" म्हणून हाक मारली. नूरबी. मेथीच्या जुड्या पुढ्यात मांडून बसलेली. चोरीचं नाव लागल्यावर गावात तिला कुणी गोठ्यात पाऊल टाकू दिलं नव्हतं. हे तिनं हसत सांगितलं. मग माझा हात धरून म्हणाली, "मालकानं पोलिसात दिलं नाय मला. तुम्हीच माझ्यासाठी बोलला असाल. लई दुवा दिली बाई तुम्हाला."

सांगायची हीच वेळ होती, नाही का? तोंड उघडलंही मी. पण तोवर तिनं शेजारच्या टपरीवर चहा सांगितला होता. "चांदणीचं काय झालं?" तिनं विचारलं. विकली म्हटल्यावर बराच वेळ ती मेथीवर पाणी शिंपडत राहिली.

मी तो चहा प्यायले. दुवासुद्धा ठेवून घेतली.

त्यानंतर मी भाजी दुसरीकडून घ्यायला लागले. मी रस्त्यापलीकडून जाताना तिनं दोनदा मला हाक मारली. दोन्ही वेळा मला ती नीट ऐकू आली, आणि मी चालत राहिले.