आत काहीतरी हललं पाहिजे

माझे काका घड्याळं दुरुस्त करतात आणि मागचं झाकण उघडून पाहिल्याशिवाय कुठलीच वस्तू घेत नाहीत. काकूनं आणलेला मिक्सरही त्यांनी घरात शिरण्याआधी जिन्यातच उघडला होता. आत काहीतरी फिरताना दिसलं, की त्यांचा जीव भांड्यात पडतो. अशा माणसाबरोबर कॉम्प्युटर घ्यायला जाण्याची पाळी माझ्यावर आली, आणि तीही घाईची.

काकांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, गाठ निघेल, पण आवाजही जाईल. त्यानंतर काका बरेच दिवस गप्पच होते. सराव करत असावेत, असं काकूला वाटलं. मग एका सकाळी ते मला म्हणाले, "तू ते मोबाइलचं ॲप बनवायला शिकतेस ना? मला एक बनवून दे. बटण दाबलं की मी बोललो पाहिजे. माझ्याच आवाजात."

मला रडूच आलं. पण ॲप बनवायला बरा कॉम्प्युटर लागतो, आणि माझा लॅपटॉप साधा ईमेल उघडतानाही धापा टाकायचा.

"मी घेऊन देतो," काका म्हणाले. "परवडेल असा. आणि मी स्वतः बघून."

पहिल्या दुकानात विक्रेत्यानं एक पातळ, देखणा लॅपटॉप पुढे ठेवला. मी तर बघताक्षणी त्याच्या प्रेमात पडले. काकांनी खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं आणि लॅपटॉप पालथा केला. विक्रेत्याला काही सुचायच्या आत झाकण निघालं होतं. काका बराच वेळ आत बघत राहिले.

"हा बंद आहे," ते म्हणाले.

"काका, स्क्रीन चालू दिसतोय ना!"

"आत काहीच हलत नाहीये."

विक्रेत्यानं समजावलं, की यात पंखाच नाही, आवाज होत नाही, हीच तर त्याची खासियत. काकांनी झाकण परत लावून दिलं. रस्त्यावर आल्यावर म्हणाले, "न हलता चालतो म्हणे. मलाच शेंडी लावायला निघालाय."

दुसऱ्या दुकानातही तेच झालं. तिसऱ्या दुकानात आमची कीर्ती आधीच पोचली होती, त्यामुळे दारावरच्या माणसानं काकांचा स्क्रू-ड्रायव्हर काढून घेतला. मी वैतागून गेले. ऑपरेशन तोंडावर आलं होतं, काकांचा आवाज रोज थोडा जास्त घोगरा होत होता, आणि हे गृहस्थ चाकं शोधत फिरत होते. शेवटी भर रस्त्यात मी त्यांच्यावर ओरडले, "काका, तुमचा आवाज जाणार आहे. कळतंय का तुम्हाला?"

"म्हणूनच तर," ते म्हणाले. "मला त्यात राहायचंय. आत काय आहे ते बघायला नको?"

मग आम्ही कचेऱ्यांतून काढून टाकलेले कॉम्प्युटर विकणाऱ्या एका माणसाकडे गेलो. त्यानं एका जाडजूड काळ्या डब्याचं झाकण स्वतःच काढलं. आत भलामोठा पंखा गरगरत होता. काकांचा चेहरा खुलला. "हा जिवंत आहे," ते म्हणाले. दुकानदार मेमरी वाढवून द्यायला आणि जुनी डिस्क काढून वेगवान टाकायला तयार होता, आणि एवढं करूनही तो नव्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडत होता. मला कबूल करायचं जिवावर आलं, पण ॲपच्या कामाला तो डबा पुरेसा होता.

अडचण एकच निघाली. ॲप तपासायला कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक खोटा फोन चालवतात, आणि तो सुरू केला की डबा घर डोक्यावर घ्यायचा. काका म्हणाले, "खरा फोन खिशात असताना खोटा कशाला?" मग मी केबल लावून त्यांच्याच फोनवर ॲप तपासायला लागले आणि काम पळायला लागलं.

राहिलं रेकॉर्डिंग. "जन्मभर पुरेल असं बोला," मी म्हटलं. काकांनी घसा खाकरला आणि आधी त्यांच्या घड्याळांच्या दुकानासाठी भरलं. "बसा." "हे पाण्यात कोणी घातलं?" "सेल बदललाय, आता मुलांच्या हातात देऊ नका." मग घरासाठी म्हणून, "मी झोपलो नव्हतो." "टीव्ही बंद करू नकोस, मी बघतोय." "तुझ्या भावाला मी काहीही म्हणालो नाही."

"अहो, एखादं गोड वाक्यही बोला की," काकू दारातून म्हणाली.

काकांनी पुष्कळ विचार केला आणि "चहात साखर पुरेशी आहे" एवढं भरलं. प्रत्येक वाक्यामागे पंख्याची घरघर आली होती. मी ती काढायला लागले, तर काकांनी माझा हात धरला. "राहू दे. चालू आहे हे कळतं."

ऑपरेशन पार पडलं. हॉस्पिटलच्या खोलीत काका गळ्याला पट्टी बांधून उशीला टेकून बसले होते, आणि भेटायला येईल त्याला फोनवरून "बसा" ऐकवत होते. खूश दिसत होते. मग मंडळी पांगली, आणि काकूनं वाकून हळूच विचारलं, "फार दुखतंय का हो?"

काकांनी फोन उचलला. बोट बटणांवरून खाली गेलं, वर आलं, पुन्हा खाली गेलं. याचं उत्तर आम्ही भरलंच नव्हतं. उभ्या आयुष्यात त्यांनी ते कोणाला दिलं नव्हतं, आणि मलाही सुचलं नव्हतं. मला माझाच भयंकर राग आला. शेवटी काकांनी एक बटण दाबलं.

"दुकान आज बंद आहे," काका म्हणाले.

काकूनं मान डोलावली. डोळे पुसले, स्टूल उचलून दाराशी नेलं आणि ती त्यावर बसली. ताप बघायला आलेल्या नर्सलाही तिनं आत सोडलं नाही.