साडूचं घंगाळ आणि माझी ऐरण

मला जुन्या लोखंडातलं काहीही कळत नाही, ही गोष्ट आता आमच्या पिंप्राळ्यापासून सासरच्या पारोळ्यापर्यंत सगळ्यांना कळली आहे.

याला कारण माझे साडू. हेमंतराव धुळ्याला राहतात. त्यांनी बैठकीत एक पितळी घंगाळ मांडलंय आणि 'इंग्रजांच्या काळातलं' म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याला ते दाखवतात. आमचे पारोळ्याचे सासरे, आबा, ते बघून म्हणाले, "धाकला जवाईले पारख शे." थोरला जावई, म्हणजे मी, तिथेच चहा पीत होतो. (तो गोड लागला नाही.)

तेव्हापासून मी मोबाइलवर जुन्या वस्तू ओळखायला शिकू लागलो. त्यात मला ऐरण आवडली. घंगाळाला पोचे येतात. ऐरणीचं कोण काय वाकडं करणार? खुणाही सोप्या. हातोडी मारली की उसळली पाहिजे, नाद खणखणीत हवा आणि अंगावर साल कोरलेलं असलं तर सोन्याहून पिवळं.

गेल्या महिन्यात धुळ्याच्या एका भंगारच्या दुकानात ती सापडली. शेठ तिच्यावरच पोतं टाकून बसले होते. त्यांना उठवून मी हातोडी मारली. उसळली! नाद असा की शेजारचा दुकानदार बाहेर आला. मग रुमालाने गंज पुसला आणि आकडे दिसले. 1861.

"शेठ, हे साल तुम्ही कधी वाचलं नाही?"

"साहेब, मी हिच्यावर बसतो. वाचायला पेपर येतो."

माझी बायको सुनंदा गाडीतून बघत होती. "घरात भाता नाही, भट्टी नाही. ऐरण काय पापड लाटायला?"

"अगं, इंग्रज यायच्या आधीची आहे." (इतिहासही माझा लोखंडाइतकाच पक्का.)

हेमंतरावांना मी मुद्दाम बोलावून घेतलं. त्यांनी आकडे वाचले आणि त्यांचा चेहरा उतरला. "आहे भाऊ, जुनी आहे," ते म्हणाले. मला इतका आनंद झाला की त्यांनाही गाडीत घातलं. आबा माझं कौतुक करतील तेव्हा ऐकायला कुणी नको का?

पारोळ्याला आबा ओट्यावरच बसले होते. हेमंतराव आणि मी डिकीतून ऐरण उतरवायला लागलो. एकीकडे माझं व्याख्यान चालू होतं. बोलण्याच्या भरात हात सुटला. ऐरण घरंगळली, तिने एक कोलांटी घेतली आणि ओट्यापुढे धप्पकन उभी राहिली. कुणाचा पाय खाली आला नाही, ही आबांची पुण्याई.

पण आता ती वेगळीच दिसत होती. रुंद बूड खाली, गुळगुळीत माथा वर. शेठ इतके दिवस बसले होते ते तिच्या बुडावर. मी हातोडीही तिथेच मारली होती.

आबांनी चष्मा लावला, वाकले आणि वाचलं, "एक… नऊ… आठ… एक."

मी मान उलटी करून बघितलं. 1861. सरळ केली. 1981.

"जवाईबापू," आबा खुशीत म्हणाले, "हाई ते आमनी सुनंदानं जलमसाल शे."

हेमंतरावांचा चेहरा पुन्हा जागेवर आला. "मग भाऊ, एक्क्याऐंशीची म्हणजे जुनी म्हणायची की नवी?"

प्रश्न ऐरणीवर येतो म्हणतात, तो मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिला. जुनी म्हणावं, तर आबांपुढे थोडी तरी अब्रू राहते. पण सुनंदा कमरेवर हात ठेवून शेजारीच उभी. नवी म्हणावं, तर माझी पारख गेली आणि घंगाळ जिंकलं.

"नवी," मी म्हणालो. "अगदी कोरी."

"मग जुनी म्हणून कशाला घेतली?" सुनंदाने विचारलं.

ऐरण आता आमच्या गच्चीवर असते. तिच्यावर पापड लाटता येत नाहीत, पण उडदाचं पीठ उत्तम कुटता येतं. ते काम माझ्याकडे आहे. कुणी बघायला आलं की सुनंदा सांगते, "आम्ही दोघी एकाच सालच्या. ह्यांना दोघीही उलट्याच कळल्या."

मी मान वर करत नाही. पीठ कुटत राहतो.