स्क्रू नसलेला रेडिओ

लोक मला आता भाषणाला बोलावतात. ओळख करून देणारा माणूस सांगतो, की यांनी घराघरांतल्या रेडिओचं रूप बदललं. मग टाळ्या होतात, आणि त्या ऐकल्या की माझं डोकं फिरतं.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी महाप्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रेडिओच्या कारखान्यात लागले. वस्तूंचं डिझाइन शिकून आले होते, पण असलं काही पद कंपनीत नव्हतंच. नेमणूकपत्रावर 'ड्राफ्ट्समन' छापलेलं होतं. त्यातला 'मन' बदलायचीसुद्धा कुणाला गरज वाटली नाही.

पहिल्याच दिवशी मालकांनी सिंगापूरहून आणलेला एक जपानी रेडिओ माझ्या टेबलावर ठेवला आणि असाच हवा म्हणाले. दोन वर्षं मी तेच केलं. दुसऱ्यांनी विचार करून घडवलेल्या वस्तूला कॅलिपर लावायचा, मापं उतरवायची, नकाशा साचेवाल्याकडे पाठवायचा. त्या रेडिओची बटणं शेंगदाण्याएवढी आणि पट्टीवरचे आकडे मुंगीएवढे होते. आमच्या साच्यातून ते आणखीच पुसट यायचे. मी बोलले की मालक विचारायचे, जपान्यांना कळत नाही आणि तुम्हाला कळतं का? यावर काय उत्तर द्यायचं ते तेव्हा मला सुचत नसे. घरी वाशीला येऊन मी भांडी आपटायची.

खाली जुळणीच्या लाइनवर तीसेक बाया होत्या, बहुतेक आजूबाजूच्या गावांतल्या. कारखाना ज्या जमिनीवर उभा होता तिथे कुणाचं शेत कुठपर्यंत होतं, ते त्यांना तोंडपाठ होतं. लाइनच्या शेवटी चौघींचं एक टेबल होतं. रेडिओचं खोकं बंद करायचं, मागून आठ स्क्रू पिळायचे, एवढं त्यांचं काम. त्यातली घणसोली गावातली एक बाई माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी होती. मी तिला ताई म्हणायची. तिचा हात सगळ्यांत चलाख. लाइनवर बघून बघून ती तारांना सोल्डरचा डाग द्यायलाही शिकली होती आणि गावातले बिघडलेले रेडिओ घरी दुरुस्त करायची.

एका शनिवारी दुपारी ती मला जेवायला घरी घेऊन गेली. चुलीजवळच्या फळीवर आमच्याच कारखान्याचा रेडिओ होता. पट्टीवर तिनं नेलपॉलिशचे तीन लाल ठिपके दिले होते आणि बटणाला दोरा गुंडाळला होता. भाकरी थापताना हात पिठाचे असतात, बटण सटकतं, म्हणून दोरा. ठिपके कशाला, असं मी विचारलं.

"आकडे कोनाला वाचाचे हायत? मना गानी ऐकाची हायत," ती म्हणाली.

दोन वर्षं मालकांना जे उत्तर देता येत नव्हतं, ते त्या फळीवर होतं.

पुढचे तीन आठवडे मी जेवणाच्या सुट्टीतही टेबलावरून उठले नाही. ओल्या हातालाही फिरवता येईल असं खाचांचं मोठं बटण काढलं. पट्टीवर तीन रंगीत बाण काढले, ज्याला जे स्टेशन हवं तिथे त्यानं सरकवून ठेवावेत असे. बांगड्यांसकट हात जाईल एवढी मूठ काढली. मालकांनी कागद बघितले आणि खर्च वाढतो म्हणून परत सरकवले. मग मी म्हणाले, खर्च मी दुसरीकडे वाचवून देते. खोक्याच्या दोन्ही भागांना हुकासारखे प्लास्टिकचेच आकडे करू, एकमेकांत अडकणारे. तळव्यानं दाबलं की खोकं बंद. स्क्रू एकही नको.

त्या दिवशी मालकांनी पहिल्यांदा मला बसायला सांगितलं.

नमुना तयार झाला तेव्हा मी तो दहा वेळा उघडून दहा वेळा बंद केला असेल. आकडे नेमके कुठे दाबून सोडवायचे ते मला ठाऊक होतं. बंद करताना टक् असा आवाज व्हायचा. इतका आनंद मला आधी कशानंही झाला नव्हता, हे लिहिताना लाज वाटते, पण झाला होता.

रेडिओ बाजारात गेला आणि खपला. दुकानदार स्वतः कारखान्यात येऊन मागणी नोंदवू लागले. मग दिल्लीच्या एका प्रदर्शनात त्याला पारितोषिक मिळालं. ते मला कुणी सांगितलं नाही. खाली स्वागतकक्षात चकचकीत पत्रक पडलं होतं, त्यात वाचलं. रचनाकार म्हणून मालकांच्या पुतण्याचं नाव होतं. तो जर्मनीहून येऊन चार महिने झाले होते. आमचा रेडिओ त्याआधीच दुकानात होता.

मी पत्रक घेऊन सरळ मालकांच्या केबिनमध्ये गेले. ते शांतच होते. काम कंपनीचं असतं, म्हणाले, नाव कुणाचंही घातलं तरी काय फरक पडतो. मी म्हटलं, फरक पडत नसेल तर माझं घाला. त्यावर ते हसले आणि फोन उचलून दुसऱ्या कुणाशी तरी बोलायला लागले. मी तिथे उभी होते आणि त्यांचा फोन संपत नव्हता.

तशीच तापून मी लाइनवर उतरले. हे सांगावं असं कारखान्यात मला एकच माणूस होतं. पण लाइनच्या शेवटी टेबलच नव्हतं. तिथे रिकामी खोकी रचली होती. सुपरवायझर म्हणाला, स्क्रूचं जुनं मॉडेल बंद झालं, त्या चौघींना एक तारखेपासून येऊ नका म्हणून सांगितलंय. त्याला आठवडा झाला होता. मी त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर बसत होते.

सुटी झाल्यावर मी चालत घणसोलीला गेले. ताई ओट्यावर सुकट निवडत होती. मला आधी तिचं विचारायला हवं होतं. मी सुरुवात माझ्या नावापासून केली. पत्रक, पुतण्या, मालकांचं हसणं, सगळं सांगितलं. तिनं सुकट बाजूला सारली. मग उठून आतून एक रेडिओ आणला. माझाच होता. सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून त्याचं खोकं बांधलं होतं.

"शेजाऱ्याचा हाय," ती म्हणाली. "स्क्रू असता तर उघडला असता. ह्यो उघडाया गेला का मोडतो. तुना माझ्या हातचा काम पन घेतलास आनि घरचा पन."

मला तिचा राग आला. खरंच आला. मी म्हणाले, अगं ताई, हा रेडिओ मी तुझ्यामुळे, तुझ्यासाठीच केला.

"मंग त्या कागदावर माझा नाव कुठं हाय?"

मी ते पत्रक हातात धरूनच बसले होते. मग उठले. ती पुन्हा सुकट निवडायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी मालकांकडे चौघींना परत घ्या म्हणून गेले. स्क्रू तुम्हीच काढलेत ना, त्यांनी विचारलं, आता त्यांना कुठे पिळायला बसवू? मी राजीनामा टाइप करून दिला. त्यांनी तो वाचलासुद्धा नाही, पेपरवेटखाली ठेवला.

पुढे मी वाशीच्या घरातल्याच एका खोलीत ऑफिस थाटलं. टीव्हीची खोकी केली, मिक्सर केले, इस्त्र्या केल्या. प्रदर्शनवाल्यांना तीन पत्रं लिहिली, एकाचंही उत्तर आलं नाही. माझे प्लास्टिकचे आकडे मात्र सगळ्यांनी उचलले. ज्या कारखान्यात जावं तिथे खोकी टक्कन बंद होत होती, आणि तिथले साहेब मला ते कौतुकानं दाखवत होते. डिझाइनची मुलं ते कॉलेजात शिकू लागली. ते माझं होतं हे लोकांना कळलं ते फार उशिरा.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मला टेलिफोनचं काम मिळालं. मी तळाला दोन स्क्रू ठेवले, नाण्यानं उघडतील असे. गिऱ्हाइकाला ते नको होते. त्यावरून दोन महिने भांडण चाललं. काम सोडते म्हटल्यावर त्यांनी मान्य केलं. पहिला तयार फोन घेऊन मी घणसोलीला गेले. गावात तेव्हा भाड्यानं द्यायच्या खोल्या चढत होत्या, ताईचं घर शोधावं लागलं. तिनं चार आण्याच्या नाण्यानं तळ उघडला, आतल्या तारा निरखल्या, पुन्हा बंद केला.

"हा बरा हाय," ती म्हणाली. मग विचारलं, हे फोन बनतात तिथे तिच्या मुलीला लावून घेतील का.

मी विचारते म्हणाले आणि विचारलंही. जुळणी परराज्यात होणार होती, बरीचशी यंत्रावर. ते तिला सांगायला मी घणसोलीला गेले नाही.