हर्षिताने खोडलेली ओळ

शब्दाचा कीस पाडावा तर तो आमच्या शेजारच्या धम्मदीप मेश्रामनेच. मूळचा नागपूरचा, इथे इंग्लंडमध्ये, श्रूजबरीत एका औषध कंपनीचं सॉफ्टवेअर तपासतो. चुका काढायचा पगार घेतो आणि घरी आल्यावर तेच काम फुकट करतो. नवा मिक्सर आणला तरी आधी वॉरंटीचं चोपडं वाचणार, मग चटणी.

त्याच्या अकरा वर्षांच्या हर्षिताला गावातल्या मुलांच्या स्काउटसारख्या ट्रूपमध्ये जायचं होतं. तंबू ठोका, गाठी शिका, बॅज मिळवा. माझा वीर तिथे तीन वर्षं आहे, त्याच्या कॅम्पच्या गोष्टी ऐकून ती हरखून गेलेली. शुक्रवारी फॉर्म द्यायची शेवटची तारीख, आणि बुधवारी धम्मदीप फॉर्म घेऊन माझ्या दारात.

"सुनेत्राताई, इथे शपथेत लिहिलंय, 'ईश्वराप्रती माझं कर्तव्य पार पाडीन.' आम्ही बौद्ध, ईश्वर मानतच नाही. सही कशी करू?"

"साइन कर आणि मोकळा हो, यार! कोण चेक करतंय?"

"पोरगी रोज माझ्यासोबत पंचशील म्हणते. खोटं बोलणार नाही, हे त्यातच आहे. आणि ट्रूपमध्ये शिरतानाच खोटं बोलायचं?"

माझा पारा चढला. पोरीचा प्रवेश हुकणार आणि ह्याचं तत्त्वज्ञान चाललंय! तेवढ्यात मागून हर्षिताच म्हणाली, "पापा इज राइट, काकू. बट आय रिअली वाँट टु गो." तिचे डोळे भरले होते.

शुक्रवारी संध्याकाळी मी वीरला घेऊन हॉलवर पोचले, तर ट्रूपच्या प्रमुख डोरीनबाई हर्षिताचा फॉर्म वाचत होत्या. एरवी त्या शाळेची बस चालवतात, नजर मोठी कडक. ईश्वराची ओळ हर्षिताने खोडली होती आणि वर स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, 'धम्माप्रती माझं कर्तव्य.' शेजारी धम्मदीप घामाघूम.

"व्हॉट्स धम्म?" बाईंनी विचारलं.

हर्षिताने बोटांवर मोजत सांगितलं: कुणाला मारायचं नाही, चोरायचं नाही, खोटं बोलायचं नाही. बाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या की मुलाची काहीतरी श्रद्धा असावी एवढाच नियम आहे, शब्द घरचे चालतील. आणि त्यांनी तिथेच फॉर्मवर शिक्का मारला. हर्षिता बापाच्या गळ्यातच पडली.

मग बाई बाकीच्या मुलांकडे वळल्या. ही ओळ आणखी कुणाच्या घरी वाचली होती का?

आमच्या चिरंजीवांनी हात वर केला. "माय मॉम साइन्ड इट इन द कार. ॲट अ रेड लाइट!"

सगळा हॉल खो खो हसला. धम्मदीपने तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलत होते. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

परतताना वीरने विचारलं, "आई, सो व्हॉट इज अवर ड्यूटी?"

आमच्या घरी देव्हारा आहे, गणपतीला एकवीस मोदक असतात, आरत्या मला तोंडपाठ आहेत. पण कर्तव्य कोणतं, ते काही केल्या सांगता येईना.

"रविवारी धम्मदीपकाकांकडे जाऊ," मी म्हटलं. "मलाही विचारायचंय."