शेऱ्याच्या रकान्यातली समोरची

आमच्या समोरच्या दारात राहणाऱ्या काकांना सगळी इमारत पाराकाका म्हणते. हे नाव मी ठेवलं, कबूल आहे, पण दोष त्यांचाच. कापड रंगवायच्या कारखान्यात बत्तीस वर्षं बॉयलर सांभाळला या माणसानं. दर अर्ध्या तासानं तापमान बघायचं, वहीत लिहायचं, पुढे शेरा मारायचा. निवृत्त झाले तेव्हा बॉयलर सुटला, वही काही सुटली नाही. आंघोळीचं पाणी, फ्रीज, काकूंचा ताप, जे हाताला लागेल त्याची नोंद व्हायला लागली. काकूंचा ताप उतरला त्या दिवशीच्या शेऱ्यात ‘दाब अजून जास्त’ असं लिहिलेलं मी या डोळ्यांनी वाचलंय.

मग सुनेनं घरून काम सुरू केलं आणि काकांना नवा बॉयलर मिळाला.

मुलगा जहाजावर, वर्षातले आठ महिने पाण्यात. त्यामुळे घरात ही तिघंच. सून अजून न बांधलेल्या इमारतींच्या चित्रफिती कॉम्प्युटरवर बनवते. दार उघडतं, जिना लागतो, खिडकीतून ऊन येतं, आणि जागेवर वीट एकही नसते. या कामाचा सगळा भार कॉम्प्युटरच्या पेटीतल्या ग्राफिक्स कार्डावर. चित्रफीत तयार होताना ते तासन्‌तास राबतं आणि तापतं. सत्तर-बाहत्तर अंशांपर्यंत ठीक. नव्वदच्या पुढे गेलं की आधी काम रेंगाळतं, मग जीव वाचवायला पेटी आपली आपण बंद होते. सुनेनं पडद्याच्या कोपऱ्यात तो आकडा सतत दिसेल अशी सोय केली आणि एकदा सहज सासऱ्यांना म्हणाली, जरा लक्ष ठेवाल का. झालं. दुसऱ्या दिवशी नवी वही आली, रकाने आखले गेले. वेळ, तापमान, पंख्याचा वेग, शेरा.

छान चाललं होतं. पण गेल्या महिन्यात कुठे माशी शिंकली कोण जाणे, पेटी जवळजवळ रोज संध्याकाळी बंद पडायला लागली. सकाळी गुणी बाळ, दुपारी गुणी बाळ, पाच वाजले की मान टाकायची. आणि नेमकं त्याच वेळी ऑफिसनं एका मोठ्या इस्पितळाची चित्रफीत दिली. शुक्रवारी पाचच्या आत आली तर घरून काम चालू राहील, नाहीतर दुसऱ्या शहरातल्या मुख्य ऑफिसात येऊन बसायचं.

सुनेनं ब्रशनं धूळ काढली. पंख्यांचा वेग वाढवला, तर असा घरघराट सुरू झाला की कारखान्यात आल्यासारखं वाटून काका खूश. कार्डाला मिळणारी वीज थोडी कमी करून बघितली. दुरुस्तीवाला कार्डावरची, उष्णता ओढून घेणारी पेस्ट बदलून गेला आणि जाता जाता म्हणाला, याचं वय झालंय. हे तो काकांकडे बघून म्हणाला, त्यामुळे काका दोन दिवस घुश्शात होते.

बुधवारी माळ्यावरून सुनेची सुटकेस खाली आली आणि बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून उभी राहिली. काकूंच्या घरात उघडं काही नसतं. टीव्हीला झालर, मिक्सरला टोपडं, फोनवर रुमाल. सुटकेसकडे मात्र त्या बघतही नव्हत्या. सून गेली की घरात दोघंच उरणार. त्या दिवशी चहात साखर नव्हती आणि ते कुणाला कळलंही नाही.

गुरुवारी साडेचारला मी नेहमीप्रमाणे गेले. शेजारधर्म म्हणून हो. समोरच्या घरातली बातमी तिसऱ्याकडून कळावी हे मला बरं वाटत नाही. नेहमीच्या खुर्चीत बसले, पाय टेकवले, कप बाजूच्या स्टुलावर ठेवला. सून आत ऑफिसशी बोलत होती. काका पडद्यासमोर पेन उपसून बसलेले.

“ब्याऐंशी,” ते म्हणाले, जणू कुणाची घटका भरत आलीय. पाचला त्र्याण्णव. सव्वापाचला पडदा काळा.

एरवी सून बाहेर येईतो मी निघालेली असायचे. आज ती लगेच आली. रडली असती तर परवडलं असतं. तिनं गुपचूप वही उचलली आणि मागची पानं वाचायला लागली, आधी मनात, मग मोठ्यानं.

“सोमवार. चार, एकाहत्तर. साडेचार, समोरचीचे आगमन. पाच, नव्वद. सव्वापाच, बंद. मंगळवार. साडेचार, समोरचीचे आगमन.” तिनं पान उलटलं. “रविवार. समोरची बहिणीकडे गेली. दिवसभर बाहत्तर.”

“काका, वहीत मला समोरची म्हणता?”

“कामाच्या वहीत नाती लिहीत नाहीत,” काका म्हणाले.

सून माझ्याकडे बघत होती. मग कपाकडे. मग माझ्या पायांकडे.

“मावशी, पाय काढा जरा.”

ते स्टूल नव्हतंच. महिन्यापूर्वी काकूंनी पेटीसाठी जाड लोकरीचं कव्हर विणलं होतं, चारी बाजूंनी झालर सोडून. पाहुणा आला की चढवायचं, पाहुणा गेला की घडी करून कपाटात. हवा आत घ्यायच्या आणि बाहेर सोडायच्या जाळ्या सगळ्या लोकरीखाली, वर माझा चहा, बाजूला माझे पाय. आणि मी बया महिनाभर म्हणतेय, काकू, तुमच्याकडे काय छान ऊब असते. चहा निवत नाही म्हणून चार घरी कौतुकसुद्धा करून आले होते.

काकांना दिसलं कसं नाही? अहो, चाळीस वर्षांच्या संसारात झाकणं बघून बघून त्यांची नजर मेलेली. शिवाय कारखान्यात ते काट्याकडे बघत, बॉयलरकडे बघायला दुसरा माणूस होता.

“पाहुण्यांसमोर वायरींचं खोकं उघडं ठेवायचं का?” काकू म्हणाल्या. मग आवाज अगदी बारीक झाला. “म्हणजे मीच तुला घालवत होते?”

“एकट्या तुम्ही नाही, आई,” सून म्हणाली. “समोरच्याही आहेत.” आणि महिन्याभरात पहिल्यांदा हसली.

शुक्रवारी नऊ तासांचं काम उरलं होतं. पेटी भिंतीपासून हातभर पुढे, उघडीवाघडी. सकाळी सातला सुरुवात झाली आणि मला हद्दपार केलं. माझं दार आणि त्यांचं दार यांत चार पावलं, ती चार पावलं काय लांब वाटली म्हणता. दर अर्ध्या तासानं काका दार उघडून आकडा सांगायचे आणि दार लावायचे. एकाहत्तर. एकाहत्तर. सत्तर. माझी भाजी करपली, इथे तापमान कुणी बघायचं? साडेतीनला काका आकडा सांगायला आलेच नाहीत, आणि मी उंबरठ्यावर येऊन उभी राहिले. पाच मिनिटांनी आले. म्हणाले, पेनातली शाई संपली होती.

चार वाजून दहा मिनिटांनी चित्रफीत पूर्ण झाली. पावणेपाचला ऑफिसचं उत्तर आलं. चित्रफीत पोहोचली, आवडली, काम घरूनच चालू ठेवा. सुनेनं स्वतः येऊन मला हाताला धरून नेलं. आत काकू कपाटातून ते कव्हर काढत होत्या, आणि काका दोन्ही हात पसरून पेटीसमोर उभे. काकूंनी त्यांच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. त्या सरळ सुटकेसपाशी गेल्या, तिला कव्हर घातलं, झालर चारी बाजूंनी नीट ओढली आणि म्हणाल्या, “चढवा ही माळ्यावर. आता लागायची नाही.”

सुटकेस वर गेली. मी खुर्चीत बसले, कप हातातच धरून. काकांनी घड्याळ बघितलं, पडद्यावरचा आकडा बघितला, चष्म्यावरून मला बघितलं आणि लिहिलं. मी मान लांब करून वाचलं. पाच वाजता, चव्वेचाळीस. समोरचीचे आगमन. परिणाम नाही.