कपाटामागची भिंत

देवयानी मोघे ब्रिटनमधल्या कार्डिफच्या एका हॉस्पिटलात लॅबमध्ये काम करतात. सुट्टीच्या दिवशी मात्र त्या भारतातून येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी खोल्या बघत हिंडतात, कारण नुसत्या फोटोंवर विसंबून पोरं कशी फसतात हे त्यांनी पाहिलं आहे. गेल्या सप्टेंबरात नागपूरच्या तनयासाठी त्या एका घरी गेल्या. दार सुश्रुतने उघडलं. दहा वर्षांपूर्वी तो इथे शिकायला आला, तेव्हा जागा मिळेपर्यंत महिनाभर त्यांच्याच घरी राहिला होता. आता त्याची स्वतःची घरं होती आणि ती तो विद्यार्थ्यांना भाड्याने द्यायचा.

“काकू, तुम्ही?” तो मनापासून हसला.

खोली नुकतीच रंगवलेली होती, पण ओलसर वास येत होता. देवयानीबाईंनी कपाटाची एक बाजू ओढली. मागची भिंत बुरशीने काळीकुट्ट झाली होती.

“इथे एक मुलगी राहणार आहे, सुश्रुत.”

“वर्षभराचाच तर प्रश्न असतो, काकू. ती नको म्हणाली तर संध्याकाळपर्यंत दुसरं कोणीतरी घेईल.”

त्यांना राग आला, पण त्याहून जास्त लाज वाटली. तिथूनच त्यांनी तनयाला व्हिडिओ कॉल करून भिंत दाखवली.

“काकू, आठ ठिकाणांहून नकार आलाय,” ती म्हणाली. “सोमवारी लेक्चर्स सुरू होतायत. घेऊन टाका.”

सुश्रुत कपाट परत भिंतीला लावू लागला. ते जड होतं. दुसरी बाजू धरायला त्याने काकूंकडे पाहिलं, आणि त्यांनी ती धरली.