थोरल्या बहिणीनं नाव ठेवलं नाही तेव्हा

"गोधडीला डोळे लागत नाहीत, बोटं लागतात," असं मी त्या उन्हाळ्यात वीस बायांना छातीठोकपणे शिकवलं. ते धादांत खोटं होतं. पण मास्तरीण म्हणून खुर्चीत बसलं की तोंडातून निघेल ते बाया वहीत लिहून घेतात, आणि याची चटक फार लवकर लागते.

वर्ग यवतमाळजवळ लोहाऱ्याला भरायचा, खताच्या गोदामाला लागून असलेल्या हॉलमध्ये. खताचा वास फुकट होता. ज्या बायांच्या घरी तीन पिढ्या गोधडीशिवाय दुसरं पांघरूण नव्हतं, त्यांना गोधडी शिकवायची, अशी ती योजना. उद्घाटनाला आलेले साहेब भाषणभर 'क्विल्ट' म्हणत राहिले. मागच्या रांगेतल्या दोघी उठल्या, बाहेर जाऊन पोटभर हसल्या आणि शहाण्यासारख्या परत येऊन बसल्या.

गोधडीचा हंगाम म्हणजे उन्हाळा. कापूस वेचून झालेला असतो, बायांना जरा सवड असते आणि धुतलेली लुगडी तासाभरात खडखडीत वाळतात. वर्गाशिवाय माझ्या घरी पुण्या-नागपूरच्या ऑर्डरी होत्या. त्या लोकांना गोधडी जुन्याच कपड्यांची हवी असते, नवं कापड चालत नाही. आमच्या सावलीनं ज्यांचे आजोबा बाटायचे, त्यांची नातवंडं आता आमच्या जुन्या लुगड्यांखाली झोपायला महिना-महिना थांबतात. मला हे फार आवडतं. अशी ऑर्डर शिवताना मी दोन टाके जास्तच घालते.

तर डोळ्यांचं. डाव्या डोळ्यापुढे साय धरल्यासारखं झालं होतं आणि उजवा त्याच्या मागोमाग निघाला होता. सुईत दोरा ओवणं तर कधीच बंद झालं होतं. म्हणून मी वर्गात एक नियम काढला: आल्या आल्या प्रत्येकीनं दहा सुया ओवायच्या आणि माझ्या सुयांच्या उशीत टोचून ठेवायच्या. "याला हाताची शिस्त म्हणतात," मी सांगितलं. त्यांनी तेही लिहून घेतलं. उरलेल्या सुया मी संध्याकाळी घरी आणायची आणि ऑर्डरी शिवायची.

डॉक्टरकडे का गेले नाही, ते सरळच सांगते. भीती वाटत होती. आमच्या आईचे डोळे काचबिंदूनं गेले. तिला डॉक्टर म्हणाले होते, गेली ती नजर परत येत नाही. शेवटची सहा वर्षं ती खाटेवर बसून स्वतःच शिवलेल्या गोधड्या चाचपत असायची. मलाही तेच ऐकावं लागणार, अशी माझी खात्री होती. न ऐकलेलं बरं, म्हणून चष्म्याचा नंबर वाढलाय, बाकी सगळं दिसतं, असं मी सगळ्यांना सांगत फिरले. नवऱ्यानं विचारलं तर त्याच्या अंगावर ओरडले.

मार्चमध्ये फजिती झाली. सगळ्यांना भोवती बसवून मी टाका दाखवत होते आणि सोबत तोंड चालूच होतं. चांगला हातभर गेले असेन. माझ्याजवळ बसलेली, गॅरेजवाल्या मेकॅनिकची बायको, हळूच म्हणाली, "मॅडम, सुई में धागा तो हैच नहीं."

मी हातभर कापड नुसतं टोचून काढलं होतं. 

"अगं, तेच तर पाहत होते," मी म्हणाले, "कोणाच्या लक्षात येतं ते." आणि सगळ्यांना तिच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. बाकीच्यांनी वाजवल्या, पण ती माझ्याकडे पाहत राहिली. दुसऱ्या दिवसापासून माझ्या उशीत तिच्या दहाऐवजी पंधरा सुया असायच्या.

याच धांदलीत माझी थोरली बहीण मुकुटबनहून आठ दिवस राहायला आली. तिच्या मुलीचं लग्न मे महिन्यात होतं आणि कपडा यवतमाळातच घ्यायचा होता. तिला आम्ही बाई म्हणतो. जिथं जाईल तिथं नाव ठेवणं हा बाईचा धर्म आहे. आल्या आल्या तिनं चहाला नाव ठेवलं, मग पडद्यांना, मग माझ्या नवऱ्याच्या पोटाला. एक दिवस वर्गात आली आणि वीस बायांसमोर म्हणाली, "सुया ओवाले इथपर्यंत याले लागते काय व? घरी हात नाई काय?" मी तिला खुणेनं गप्प बसायला सांगितलं. ती गप्प बसली नाही. बाया खूश झाल्या.

लग्नात भाचीला द्यायची गोधडी मी दिवाळीपासून शिवत होते. अस्तर आमच्या आईच्या पांढऱ्या लुगड्याचं, वर भाचीचे लहानपणचे फ्रॉक आणि बाईच्या दोन जुन्या साड्या. आमच्याकडे टाका कडेनं सुरू होतो आणि फेऱ्या घेत घेत मधे येतो. कडेच्या फेऱ्या दिवाळीतल्या, नजर बरी असतानाच्या. मधल्या मार्चमधल्या. त्या कशा झाल्यात हे मला दिसत नव्हतं, पण हात फिरवला की चुण्या लागायच्या.

जायच्या आदल्या दिवशी बाईनं गोधडी मागितली. मी मनाची तयारी केली. बाईनं ती खाटेवर अंथरली, पदरानं हात पुसले आणि कडेपासून मध्यापर्यंत तळहात फिरवला. मधे तिचा हात थांबला. मग तिनं गोधडीची घडी घातली.

"छान झाली," ती म्हणाली. "आताच घेऊन जातो मी. लगनात तुले सामान होईन."

एवढंच. टाक्यांना नाव नाही, ठिगळांना नाही, रंगाला नाही. माझ्या साठ वर्षांत बाईनं माझ्या कोणत्याही कामाला छान म्हटलेलं मला आठवत नाही.  आईच्या शेवटच्या दिवसांत बाई तिच्याशी असंच गोड बोलायची.

दुसऱ्या दिवशी बाईला बसमध्ये बसवलं आणि तशीच डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. वर्गाला निरोपही दिला नाही. डॉक्टर पोरगेलासाच होता. त्यानं बत्ती मारून दोन्ही डोळे पाहिले, यंत्रावर हनुवटी ठेवायला लावली आणि म्हणाला, "मोतीबिंदू आहे, आजी. पिकलाय. इतके दिवस काय करत होता?"

"काचबिंदू नाही?"

"नाही."

आजी म्हटल्याबद्दल एरवी मी त्याला सोडलं नसतं. त्या दिवशी त्याला आशीर्वाद देऊन आले.

एप्रिलमध्ये डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. उजव्याचं नंतर करू म्हणाले. लग्न विहारात लागलं आणि मी काळा चष्मा लावून मिरवले. सगळ्या फोटोंत मी सिनेमातल्या खलनायकाची आई दिसते. बाईनं मंडपात तीनदा विचारलं, "दिसते ना व बराबर?" मी तिन्ही वेळा म्हणाले, सगळं दिसतं. खरं तर डोळ्यातून तेव्हा पाणीच वाहत होतं आणि नवरदेव मला दोन दिसत होते. पण मी ऑपरेशनच्या आधीही सगळ्यांना हेच सांगत होते.

जुलैत भाचीला भेटायला दारव्ह्याला गेले. काळी-पिवळी जीपमध्ये मला धरून चौदा माणसं आणि एक बोकड होता. भाचीच्या खोलीत पलंगावर ती गोधडी होती. मी चष्मा लावला, वाकून पाहिली आणि माझं डोकंच फिरलं.

कडेच्या फेऱ्या माझ्या होत्या. मधल्या नव्हत्या. बाई डावरी आहे. मी फेरी उजव्या अंगानं घेते, ती डाव्या अंगानं. कडेपासून दोन वितींपर्यंत टाके एका बाजूनं फिरत आले होते आणि तिथून पुढे उलटे. मधे एक चुणी नव्हती. माझे टाके उसवल्याची बारीक भोकंसुद्धा आईच्या लुगड्यावर मला स्पष्ट दिसली. ऐन लग्नघाईत, पाहुण्यांच्या गर्दीत, त्या बाईनं माझं महिन्याभराचं काम उसवून पुन्हा शिवलं होतं आणि मला कळू दिलं नव्हतं.

मी तिथूनच फोन लावला. भाची चहा ठेवायला गेली होती तेवढं बरं झालं.

"माझ्या गोधडीला हात कोणाला विचारून लावला तू?" मी ओरडले. "माझा टाका उसवला? माझा?"

 पलीकडे बाईनं एवढा मोठा श्वास सोडला की मला इकडे ऐकू आला.

"दिसलं तुले?"

"दिसलं म्हणजे? मी काय आंधळी आहे?"

"मंग झालं व," ती म्हणाली. तिचा आवाज ओला झाला होता. "तू त सगळं दिसते, सगळं दिसते म्हनतच राह्यते. तुह्या म्हनन्यावर भरोसा कोन ठेवते? म्या म्हनलं, खरंच दिसलं त भांडाले फोन करशीनच. दोन महिन्यापासून वाट पाहून राह्यली मी ह्या फोनची."

 मला रडू यायला लागलं आणि ते तिला कळू द्यायचं नव्हतं.

"मधे एक टाका सुटलाय तुझा," मी म्हणाले.

"खोटं बोलून राह्यली," बाई म्हणाली.